गोळ्यांनी बिघडलेले पोट आणि तेलाची बाटली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना सर्दी-खोकला झाला. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून 'जरा पॉवरच्या' गोळ्या आणून दिल्या. पाच दिवसांचा कोर्स झाला, सर्दी गेली. ती तशीही आठवड्यात जायचीच होती. पण सहाव्या दिवशी आजींना जुलाब सुरू झाले. शेजारच्या काकूंनी सांगितले, "गोळ्यांची उष्णता आतड्यात साचलीय, दोन चमचे एरंडेल द्या, सगळं निघून जाईल." एरंडेल दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना रिक्षातून दवाखान्यात आणले, तेव्हा त्यांची जीभ कोरडी पडली होती, डोळे खोल गेले होते आणि रात्रीपासून लघवी झाली नव्हती. सलाईन लावावे लागले. आजी बऱ्या झाल्या, पण आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते, हे सांगणे अवघड आहे.

शेजारच्या काकूंचा हेतू वाईट नव्हता. औषधाने पोट बिघडले की आपल्याकडे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक सल्ला तेल पाजण्याचा. त्यात एरंडेल आले, उपाशीपोटी खोबरेल आले, ओव्याच्या तेलाचे थेंब आले, आणि आता मोबाईलवर रोज नवे तेल येते. दुसरा सल्ला तेल तोडण्याचा. महिनाभर फोडणीसुद्धा नको, नुसता भात खा. माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. बिघडलेले पोट तेल प्यायल्याने सावरत नाही आणि तेल तोडल्यानेही सावरत नाही.

यामागचे कारण समजून घेऊ. आपल्या मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे उपयोगी जंतू वस्तीला असतात. अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक औषध, रोगाच्या जंतूंबरोबर यांनाही मारते. शेतात तणनाशक मारताना पिकावर उडाले तर पीकही जळते, तसाच हा प्रकार. २०१८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ निरोगी तरुणांना ४ दिवस तीन जालीम अँटिबायोटिक्स देण्यात आली. आतड्यातील बहुतेक जंतू साधारण दीड महिन्यात पूर्वपदावर आले. मात्र नेहमी आढळणाऱ्या ९ जाती ६ महिन्यांनंतरही त्यांच्यापैकी बहुतेकांत सापडल्या नाहीत. ही औषधे रुग्णालयात वापरतात तशी कडक होती, हे खरे. तरीही चार दिवसांच्या औषधाचा परिणाम किती काळ राहू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

आता या जंतूंचे अन्न कोणते? मुख्यतः तंतू, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळी-कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतला आपल्याला न पचणारा चोथा. तो मोठ्या आतड्यात पोचला की जंतू त्याला आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण या ब्युटिरेटवर होते. तेलाचे तसे नाही. पित्ताच्या मदतीने तेल लहान आतड्यातच पचते आणि शोषले जाते. जिथे जंतूंची वस्ती आहे तिथपर्यंत ते फारसे पोचतच नाही. तुपात ब्युटिरेट असते म्हणून चमचाभर तूप प्या, असे हल्ली सांगतात. तुपात ते थोडे असते, ही गोष्ट खरी. पण तेही वरच्या वरच शोषले जाते. भातावर तूप जरूर घ्यावे, ते चवीसाठी आणि ताकदीसाठी. औषध म्हणून वाट्या रिचवू नयेत.

एरंडेलाची गोष्ट तर उलटीच आहे. ते रेचक आहे. लहान आतड्यात त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटते आणि ते आतड्यांना जोराने आकुंचन पावायला लावते. ज्याला आधीच जुलाब होत आहेत त्याला एरंडेल देणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय. ओव्याच्या तेलातील थायमॉल जंतू मारते हेही खरे आहे. पण ज्या आतड्यात उपयोगी जंतू आधीच कमी उरले आहेत, तिथे आणखी एक जंतुनाशक कशाला? चिमूटभर ओवा भाजीत घालणे निराळे आणि बाटलीतील अर्क जिभेवर टाकणे निराळे.

दुसऱ्या टोकाला जाऊन तेल पूर्ण बंद करणेही बरे नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतात. मुलाला जुलाब असतानाही त्याचे खाणे चालू ठेवावे आणि ताकद टिकावी म्हणून खिमटात किंवा खिचडीत एक-दोन चमचे तेल घालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे नेमके उलट होते. पोर आधीच सुकलेले आणि त्याला आई चार दिवस साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवते.

मग करावे काय? पोट बिघडलेले असेल तोवर मऊ भात, मुगाचे वरण, खिचडी, केळे असे साधे अन्न घ्यावे. फोडणी बेताची असावी. भजी, वडे, तर्रीची मिसळ आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले पदार्थ आठ-दहा दिवस बाजूला ठेवावेत. जुलाब थांबले की ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, पेरू, पपई यांकडे हळूहळू परतावे. तेल हवेच असेल तर ते बियांतून खावे. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी भाकरीबरोबर घेतली तर तेल आणि तंतू दोन्ही एकाच घासात मिळतात. बाटलीतल्या तेलात तो तंतू उरलेला नसतो. रोजच्या वापराचे तेल करडईचे असो, शेंगदाण्याचे असो वा कोकणात खोबरेल, महत्त्व प्रमाणाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जो आहार सुचवला, त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे सुमारे सहा लहान चमचे.

दही-ताकाचे काय, असे हमखास विचारले जाते. पोटाला मानवत असेल तर घ्यावे. मात्र डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्या दूध-दह्याबरोबर घेऊ नयेत. त्यातील कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही. दोघांत दोन तासांचे अंतर ठेवावे. महागड्या जंतूंच्या कॅप्सूलही सरसकट घेण्याची गरज नाही. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जंतू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशीर लागला होता.

जुलाब होत असताना सर्वांत मोलाचे औषध म्हणजे मीठ-साखर-पाणी. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच साध्या द्रावणाने असंख्य जीव वाचवले. शौचावाटे रक्त पडले, ताप आला, पोटात जोराची कळ येऊ लागली, दिवसात अनेकदा पाण्यासारखे जुलाब झाले किंवा लघवी कमी झाली, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठावा. अँटिबायोटिकनंतर काही आठवड्यांनीही आतड्याला गंभीर सूज येऊ शकते, म्हणून आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

पण खरी दुरुस्ती करायला हवी ती याच्याही आधी. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. आजींना त्या गोळ्यांची गरजच नव्हती. चिठ्ठीशिवाय अशी औषधे विकू नयेत असा कायदा आहे. २०१४ पासून त्यातल्या अनेक औषधांची नोंद वहीत ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१६ साली सरकारने गोळ्यांच्या पट्टीवरील लाल रेघ ओळखा, अशी मोहीमही काढली. तरी गोळ्या सर्रास मिळतात, कारण आपण मागतो. डॉक्टर मंडळीही यात निर्दोष नाहीत. रुग्णाला लवकर बरे वाटावे म्हणून आम्हीही कधी कधी घाई करतो.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. पट्टीवर लाल उभी रेघ दिसली तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की, "यात अँटिबायोटिक आहे का? ते मला खरंच लागणार आहे का?" असे न संकोचता विचारा. या प्रश्नाचा राग येण्याचे डॉक्टरला काही कारण नाही.