टपावरचे कॅरियर : तळ कशाचा घ्यावा?



बंडीच्या तळाला कोणते लाकूड लावायचे यावर आमचे बाप सुताराशी दिवसभर वाद घालीत. आम्ही जीप घेतो, टपावर कॅरियर बसवायचे ठरवतो आणि वेल्डिंगवाल्याला एवढेच सांगतो, "मजबूत कर." त्याच्या लेखी मजबूत म्हणजे जाड लोखंडी पत्रा. त्याचा पत्रा खपतो, ओझे मात्र आमच्या गाडीच्या डोक्यावर बसते. पिकाचा हिशेब मांडायला आम्ही शिकलो, तसा याचाही मांडू.

सहा फूट बाय चार फुटांचे कॅरियर धरा. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचा तळ ५२ किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा १८ किलो. बारा मिलिमीटरचे प्लायवुड १७ किलोच्या आसपास. पंधरा मिलिमीटरच्या सागवानी फळ्या, मध्ये बोटभर फट सोडून लावल्या तर त्याही साधारण तेवढ्याच.

आता गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडा. टपावर किती वजन चालते ते त्यात लिहिलेले असते. समजा तो आकडा १०० किलो आहे. कॅरियरचे वजनही त्यातच मोजायचे. सांगाडा २० किलो आणि लोखंडी तळ ५२ किलो, म्हणजे ७२ किलो रिकाम्या गाडीवरच संपले. उरले २८. युरियाची ४५ किलोची एक गोणीसुद्धा त्यात बसत नाही! तळ १७ किलोचा असेल तर ६३ किलो उरतात. उभ्या गाडीचा टप जास्त वजन सोसतो म्हणून फसू नका. धावत्या गाडीत वर ठेवलेला प्रत्येक किलो वळणावर गाडीला कलंडायला ओढतो.

दुसरी गोष्ट गंजाची. आमच्यातल्या एकाच्या जीपवर असाच पत्रा होता. वेल्डिंग केले तिथला रंग जळाला आणि तिथूनच गंज धरला. पहिल्या वेचणीच्या कापसाची गाठोडी वर टाकली, वाटेत पावसाची सर आली. सपाट पत्र्यावर पाणी साचले आणि गाठोड्यांनी ते खालून पिऊन घेतले. व्यापाऱ्याने तांबूस डाग दाखवले आणि साऱ्या कापसाचा भाव पाडला. पत्र्यात वाचवलेले पैसे एका खेपेत गेले. ज्वारीची पोती असती तर दाणे काळे पडले असते.

मग जाळी? जाळी हलकी, पाणी थांबत नाही, वाराही पार होतो. पण तिच्या धारेने पोते फाटते आणि कापूस अडकतो. जाळी घ्यायचीच तर वर जाड ताडपत्री अंथरा. अॅल्युमिनियम चांगले, पण महाग. ते लोखंडी अँगलवर थेट कसू नका, ओल लागली की जोडावर अॅल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये रबर घाला. प्लायवुड घ्याल तर साधे नको. आयएस ७१० शिक्क्याचे, पाण्यात टिकणारे घ्या, कडांना रंगाचे दोन हात द्या आणि पाणी उतरायला भोके पाडा.

आमचे मत विचाराल तर आम्ही फळ्यांच्या बाजूने आहोत. पाणी आणि वारा फटीतून जातो, फळीला गंज धरत नाही, कडा रंधून घेतल्या की पोतेही फाटत नाही. एक फळी मोडली तर गावचा सुतार तेवढीच बदलून देतो, त्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत. खाली चार आडव्या पट्ट्या द्या, नट-बोल्टांची डोकी फळीत बुडवा आणि दरवर्षी पावसाळ्याआधी तेल पाजा.

तळ कसलाही असो, खताच्या गोण्या गाडीच्या आत किंवा ट्रॉलीत ठेवा. टप हलक्या मालाचा : रिकामे बारदान, ठिबकच्या नळ्या, आकड्यात बसतील तेवढी गाठोडी.

आणि माणसे तर मुळीच नकोत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ ने टपावरचा प्रवास मना केला आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवा, आपल्या पोरांची काळजी धरा. जिल्हा बैठकीला गर्दी हवीच, पण ती गाडीच्या आत बसून येऊ द्या. एक खेप जास्त पडली तरी चालेल.