पोराचे टक्के पाहिले, उतारा कोण पाहणार?



जून उजाडला की आपल्या गावांतून दोन गोष्टींची धांदल सुरू होते. एक आडसाली लागणीच्या बेण्याची आणि दुसरी पोरांच्या शाळेची. बेण्याची चौकशी आपण किती बारकाईने करतो! प्लॉट कोणाचा, बेण्याचे वय किती, डोळे कसे आहेत, काणी किंवा गवताळ वाढ दिसते का, हे सारे स्वतः बांधावर जाऊन पाहतो. शेजारी म्हणाला म्हणून कोणी डोळे झाकून बेणे भरत नाही. शाळेची चौकशी मात्र पारावर बसूनच उरकते. "बस दारात येते का?" "इंग्लिश आहे ना?" "मागच्या साली दहावीला पहिल्याला किती पडले?" एवढे विचारले की फी भरून आपण मोकळे.

मुलाच्या शिक्षणात आईबापाला सर्वांत मोलाचे काय वाटते, हा प्रश्न म्हणूनच या अंकात मांडावासा वाटला. आपल्या भागात कोणालाही विचारा, उत्तरे ठरलेली आहेत. टक्के चांगले पडावेत, इंग्रजी फाडफाड यावे, वळण लागावे, नोकरी लागावी. आणि सगळे बोलून झाले की शेवटी हळूच एक वाक्य येते, "आमचे झाले तसे हाल पोरांचे होऊ नयेत." खरे मूळ या वाक्यात आहे. आजोबांची दहा एकर वाटण्या होत होत दोन एकरांवर आली. मजुरी वाढली, खत वाढले, तोड वेळेवर येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी पोराने शिकून बाहेर पडावे असे बापाला वाटले तर त्यात गैर काही नाही. या इच्छेला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की इच्छा बरोबर आहे, माप चुकते आहे.

माप म्हणजे काय ते आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. ऊस काट्यावर गेला की टन कळतात. त्या टनात साखर किती, हे काटा सांगत नाही, ते प्रयोगशाळेत कळते. केंद्र सरकार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवते तोही उताऱ्याला बांधलेला असतो; २०२२-२३ च्या हंगामापासून त्याचा पाया १०.२५ टक्के उताऱ्याचा धरला गेला. तोडणीच्या तोंडावर पाणी पाजले तर वजन भरते आणि उतारा पडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग परीक्षेच्या तोंडावर गाईड, क्लास आणि ठरावीक प्रश्नांचे पाणी पाजून जे टक्के भरतात, त्यांचा उतारा आपण कधी तपासला आहे काय?

ही आमच्या मनची भीती नव्हे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. २०२४ च्या पाहणीत देशभरातील खेड्यापाड्यांतल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर नीट वाचता आला नाही. पोरगे वरच्या वर्गात गेले, दप्तर जड झाले, पण वाचता येईना. यात सरकारी शाळांप्रमाणेच फी घेणाऱ्या खाजगी शाळांतील मुलेही आहेत.

मागे वळून पाहिले तर आपल्या वाडवडिलांना शिक्षण कशासाठी हवे होते, हे स्पष्ट दिसते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी बजावून सांगितले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शेतकऱ्याला वाचता येत नाही म्हणून सावकार आणि कारकून त्याला लुबाडतात, हे त्यांचे दुखणे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसली, शेतात राबली, स्वयंपाकाला हात लावू लागली आणि शिकली. त्या पोरांना पोसण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. या तिघांपैकी कोणीही शिक्षण म्हणजे टाय आणि चकचकीत बूट असे मानले नाही. माणूस फसू नये, वाकू नये आणि स्वतःच्या पायावर उभा राहावा, हे त्यांचे माप होते.

हे माप आज घरच्या घरी लावून पाहता येते. त्याला क्लास लागत नाही आणि फीही लागत नाही. सातवी-आठवीतल्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात आपले उसाचे बिल द्या. उदाहरणादाखल धरा, ऊस ४२ टन ३५० किलो आणि दर टनाला ३,१०० रुपये. एकूण किती? १ लाख ३१ हजार २८५. त्यातून सोसायटीची वसुली ५८,००० आणि खताची उधारी ९,४५० गेली. हातात किती उरले? ६३,८३५. आता पुढचे विचारा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते, तर एका पोत्यात नत्र किती किलो? वीस किलो सातशे ग्रॅम. शेकडेवारी शाळेत शिकवलेली असतेच. ती कागदावरून जमिनीवर उतरते की नाही, एवढेच पाहायचे. शेवटी कारखान्याचा वार्षिक अहवाल त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "यातले एक पान मला वाचून दाखव आणि काय कळले ते आपल्या भाषेत सांग." पोर अडखळले तर त्याला रागावू नका. पण त्याला पडलेल्या नव्वद टक्क्यांत साखर किती ते तुम्हाला कळलेले असेल.

आता इंग्रजीचे. इंग्रजी हवी, यात वाद नाही. पुढचे शिक्षण, बँकेचे कागद, यंत्राचे माहितीपत्रक, सगळीकडे ती लागते. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि सगळे विषय इंग्रजीतून घोकणे वेगळे. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्या घरातले पोर विज्ञानाचा धडा पाठ करते, त्याला तो कळत नाही, आणि घरी विचारायची सोयही राहत नाही. आई बिचारी वही उघडते आणि मिटून ठेवते. जी आई रोज अभ्यास घेऊ शकली असती तिला आपण पैसे मोजून बाहेर बसवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. मराठीतून पाया पक्का आणि इंग्रजी हा विषय चांगल्या शिक्षकाकडून, असे जिथे होते त्या शाळेला कमी लेखू नका, मग ती जिल्हा परिषदेची का असेना.

दुसरी गोष्ट घरातल्या घरात होणाऱ्या वाटणीची. मुलगा फीच्या शाळेत आणि मुलगी गावच्या शाळेत, असे चित्र आपल्या कित्येक घरांत दिसते. विचारले तर उत्तर येते, "तिला काय, परक्याच्या घरी जायचे." राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींसाठी मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. फीचे कारण त्यामुळे पुष्कळसे संपले. जे उरले ते आपल्या मनात आहे, आणि ते कोणत्याही शासन निर्णयाने माफ होत नाही. बारावीत चांगली चाललेली मुलगी "स्थळ चांगले आले" म्हणून थांबवली जाते तेव्हा एका चांगल्या उभ्या पिकावर आपण आपल्या हाताने नांगर घालतो.

तिसरी गोष्ट जिभेची. "अभ्यास कर, नाहीतर शेतीच करावी लागेल." हे वाक्य कोणत्या घरात बोलले जात नाही? बंधूंनो, ज्या धंद्यावर आपले घर चालते त्याला आपणच शिक्षा ठरवतो आणि मग तरुण पोरगे रानात पाय ठेवत नाही म्हणून रडतो. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचे नाव घेतात तो प्रवरेचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्यामागे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांसारखा फारशी शाळा न शिकलेला शेतकरी होता आणि धनंजयराव गाडगिळांसारखा जाडा अर्थशास्त्रज्ञही होता. मातीतले शहाणपण आणि पुस्तकातले शहाणपण एकमेकांना मान देऊन एका टेबलाशी बसले, म्हणून सहकार उभा राहिला. पोराला डॉक्टर करा, इंजिनिअर करा, आयटीआयला घालून चांगला फिटर करा किंवा कृषी पदवीधर करून ठिबक आणि माती परीक्षण त्याच्या हाती द्या. पण हाताने काम करणाऱ्याला हलके समजायला शिकवू नका. त्या शिकवणीचा पहिला घाव बापावरच बसतो.

आणि आता जे बोलायला आपण टाळतो ते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून तोडणीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. त्यांच्याबरोबर त्यांची पोरेही येतात. गळीत हंगाम पाच-सहा महिने आणि शाळेचे वर्षही नेमके तेच. पोर पाचटाच्या खोपीत धाकट्याला सांभाळत बसते. त्या आईला विचारा, तुला पोराच्या शिक्षणात काय हवे? ती टक्के सांगत नाही. ती म्हणते, "त्याच्या हातात कोयता येऊ ने." सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही शाळेने दाखल करून घ्यायचे आहे. त्या मुलांनी तोडलेला ऊस नव्हे, पण त्यांच्या आईबापांनी तोडलेला ऊस आपल्या बिलात आहे. त्यांच्या शाळेचा प्रश्न मुकादमाचा किंवा सरकारचा म्हणून आपल्याला झटकता येणार नाही.

म्हणून सभासदांपुढे आमच्या चार सूचना आहेत. एक, शाळा निवडताना निकालाचा फलक वाचून परत फिरू नका. चौथीच्या वर्गात जा आणि मागच्या बाकावरच्या पोराला वाचायला सांगा. दोन, हंगामात आलेले प्रत्येक बिल घरातल्या मुलांकडून तपासून घ्या, मुलींकडूनही. तीन, आपल्या शेतावर टोळी उतरली की तिच्यातली शाळेच्या वयाची पोरे किती हे विचारा आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. एका सायकल-फेरीचे हे काम आहे. चार, येत्या सर्वसाधारण सभेत तोडणी मजुरांच्या मुलांच्या शाळेविषयी प्रश्न विचारा. दरावर बोलायला शंभर जण उठतात. या विषयावर दहा जण उठले तरी पुरे.

शेवटी विचार आपल्याच हिताचा आहे. आज अहवालाचे पान न उलगडता "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर करणारे सभासद आहेत. उद्या हेच शेअर पोरांच्या नावावर होणार आहेत. त्यांना अहवाल वाचता आला, हिशेब कळला आणि उभे राहून शांतपणे प्रश्न विचारता आला, तर कारखाना सभासदांचा राहील. नाही तर नव्वद टक्केवाले पोरही आजोबासारखेच हात वर करील. फरक इतकाच, की आजोबा अंगठा उठवत होते आणि नातू इंग्रजीत सही करील.

— संपादक मंडळ