सोंग आपले, पात्र परक्याचे

डोंबिवलीतील एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणावे. वडील निवृत्त बँक अधिकारी, लहानपणापासून शाखेत वाढलेले. आजीच्या देवघरात समर्थांची तसबीर. आणि संगणक कंपनीत नोकरी करणारी अठ्ठावीस वर्षांची कन्या गेले चार रविवार बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून एक धनुष्य तयार करीत आहे. प्लास्टिकच्या नळीला उष्णता देऊन तिने बाक आणला आहे. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेल्या फोमच्या तक्त्यांचा भाता झाला आहे. आईच्या शिलाई यंत्रावर शुभ्र अंगरखा आणि लाल घोळदार वस्त्र शिवून तयार आहे. कपाटात चित्रकथांचे शंभरावर खंड ओळीने मांडलेले आहेत. मुंबईत भरणाऱ्या चित्रकथांच्या मेळाव्यात तिला ‘किक्यो’ नावाच्या जपानी नायिकेच्या वेशात जायचे आहे. या छंदाला ‘कॉस्प्ले’ म्हणतात.

आजी दारातून पाहते आणि म्हणते, “अगं, लग्नाचं वय झालं तुझं. अजून कसला गं हा पोरखेळ?” वडील वर्तमानपत्रातून मान वर न करताच म्हणतात, “परक्यांची थेरं! दुसरं काय?” मुलगी उत्तर देत नाही. तिने उत्तर देणे केव्हाच सोडून दिले आहे.

हीच मुलगी वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून, कमरेला तलवार लावून झाशीची राणी होते आणि मोटारसायकलवर स्वार होऊन मिरवते. त्या दिवशी वडील तिचे छायाचित्र काढतात आणि संध्याकाळी शाखेतील मित्रांना कौतुकाने दाखवतात. त्या दिवशी तो पोरखेळ नसतो, संस्कार असतो. स्वतः शिवलेले वस्त्र, एका पराक्रमी स्त्रीचे रूप, ते धारण करताना ताठ होणारा कणा, हे सारे दोन्ही दिवशी सारखेच. बदलते ते केवळ पात्र. तेव्हा आक्षेप नेमका कशावर आहे, सोंगावर की पात्रावर, हे समाजाने एकदा स्वतःशी स्पष्ट करून घेतले पाहिजे.

सोंग परके नाही

सोंगावर आक्षेप असेल तर तो टिकणारा नाही. वेश धारण करून देवाचे, वीराचे, संताचे रूप अनुभवणे ही या भूमीतील जुनी रीत आहे. कोकणचा दशावतार, उत्सवाच्या अखेरीस होणारे लळीत, नाथांची भारुडे, दारोदार हिंडणारा बहुरूपी ही सारी त्याच परंपरेची रूपे. मंगळागौरीच्या जागरणात स्त्रिया जी सोंगे आणीत, ती पाहून हसण्यात घरातील थोरल्या बायकाच पुढे असत. आज नातीला बोल लावणाऱ्या आजीनेही आपल्या तरुणपणी मंगळागौरीत डोक्याला मुंडासे गुंडाळले असेल.

पाश्चात्य जगात या छंदाचा आरंभ सामान्यतः १९३९ सालापासून मानला जातो. न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या विज्ञानकथाप्रेमींच्या पहिल्या जागतिक संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातील माणसांच्या वेशात आले. ते दोन्ही पोशाख मर्टल डग्लस यांनी, म्हणजे एका स्त्रीने शिवले होते. जपानमध्ये १९७५ च्या डिसेंबरात टोकियो येथे चित्रकथाप्रेमींचा जो ‘कॉमिक मार्केट’ सुरू झाला, तेथेही पहिल्या गर्दीत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. ‘कॉस्प्ले’ हा शब्दही जपानी लोकांनीच इंग्रजीतील दोन शब्दांची मोडतोड करून घडवला. परका शब्द घेऊन त्यांनी तो इतका आपला केला की आता जगाला तो जपानी वाटतो. आत्मविश्वास असलेला समाज असाच वागतो.

पै यांना पडलेला प्रश्न

चित्रकथा हेच माध्यम परके, असाही एक सूर निघतो. तो काढणाऱ्यांनी अनंत पै यांचे स्मरण करावे. १९६० च्या दशकात भारतीय मुलांच्या हाती प्रामुख्याने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होते आणि त्यात होता अमेरिकन ‘फँटम’. मराठी घरांत तो ‘वेताळ’ म्हणून नांदला. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येक गृहस्थांनी तो शाळेच्या पुस्तकात लपवून वाचला आहे. पै स्वतः त्या प्रकाशनाच्या कामात होते. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांनी ग्रीक देवतांविषयीचे प्रश्न सहज सोडवले. मात्र रामाच्या आईचे नाव त्यांना सांगता आले नाही. पै यांनी ते पाहिले आणि त्यातून ‘अमर चित्र कथा’ उभी राहिली.

पै यांनी वेताळावर बंदीची मागणी केली नाही, मुलांना दूषणे दिली नाहीत, परिसंवादही भरवला नाही. ज्या माध्यमाने मुलांचे मन जिंकले होते तेच हाती घेऊन त्यांनी त्यात कृष्ण बसवला. राम वाईरकरांनी तो रेखाटला. प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी पुढे या मालिकेत वीर आणि संत उभे केले. ४०० हून अधिक पुस्तके अनेक भाषांतून घरोघरी गेली. आजच्या पन्नाशीतील पिढीला महाभारतातील कितीतरी पात्रे आठवतात ती त्या चित्रांच्याच रूपात.

२०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाट येथे भारतातील पहिले ‘कॉमिक कॉन’ भरले. याच मेळाव्यांचे लोण पुढे मुंबई-पुण्यापर्यंत आले आणि त्यांनाच आज अनेक वडीलधारे नाके मुरडतात. तेथे १९ फेब्रुवारीला जीवनगौरव सन्मान देण्यात आला तो अनंत पै यांना. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, मुंबईत त्यांचे निधन झाले. विचित्र वेश करून आलेल्या त्या तरुणाईने आपला पहिला मान कोणाला द्यावा हे अचूक ओळखले होते. ही पिढी कृतघ्न नाही. तिच्या हाती पुढे काय दिले गेले, हा खरा प्रश्न आहे.

दहाव्या वर्षी थांबलेली गोष्ट

नेमके येथेच हिंदू समाजाचे चुकले आहे. आपल्या पराक्रमी स्त्रियांच्या कथा बाळगोपाळांसाठी बत्तीस पानांत बसवल्या की कर्तव्य संपले, असे त्याने मानले. दहा वर्षांच्या मुलीने राणी लक्ष्मीबाई वाचली, दुर्गावती वाचली, अहिल्याबाई वाचली. ती अठरा वर्षांची झाली, पंचविशीत आली. तिच्या मनात भय, द्विधा, एकटेपणा, कर्तव्य आणि प्रेम यांचे प्रश्न उभे राहिले. त्या वयात पुन्हा त्या स्त्रियांकडे जावे, तर त्या तिच्यासाठी पुन्हा रेखाटल्याच गेल्या नव्हत्या. त्या तसबिरीत जाऊन बसल्या होत्या. तसबिरीला हार घालता येतो, पण तिच्याशी बोलता येत नाही.

ती पोकळी परक्यांनी भरली. १९४१ साली अमेरिकेत विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने ‘वंडर वूमन’ निर्माण केली. ती आजही दर महिन्याला नव्याने लिहिली जाते. जपानचे उदाहरण तर अधिक विचार करण्याजोगे आहे. रुमिको ताकाहाशी या लेखिका-चित्रकर्तीने १९९६ साली ‘इनुयाशा’ ही मालिका सुरू केली आणि ती २००८ पर्यंत चालली. तिची नायिका ही आजच्या टोकियोतील शाळकरी मुलगी, घरच्या शिंतो देवस्थानात वाढलेली. त्या आवारातील जुन्या विहिरीतून ती थेट जपानच्या इतिहासातील यादवीच्या काळात जाऊन पोहोचते. तेथे तिला कळते की आपण एका धनुर्धारी, व्रतस्थ देवसेविकेचा पुनर्जन्म आहोत. त्या देवसेविकेचे नाव किक्यो.

डोंबिवलीच्या घरात शिवला गेलेला पांढरा अंगरखा आणि लाल वस्त्र हा त्या देवस्थानातील सेविकेचा पारंपरिक वेश आहे. वडील ज्याला थेरे म्हणतात ती एका प्राचीन धर्मपरंपरेतील व्रतस्थ स्त्रीची वस्त्रे आहेत. देवालय, व्रत, पुनर्जन्म, पूर्वजांचा इतिहास या साऱ्यांची ओढ त्या मुलीच्या मनात जिवंत आहे. ती शमवायला तिला जपानच्या दारी जावे लागले, कारण स्वतःच्या घरात त्या वयाच्या मुलीसाठी कोणी काही लिहिले नव्हते. ताकाहाशींनी आपल्या मुलींना देवळाच्या विहिरीतून इतिहासात नेले. मराठी मुलीसाठी अशी विहीर कोणी खोदली?

एका निषेधपत्राची आठवण

येथे एक जुनी घटना सांगणे अगत्याचे आहे. १९८३ साली युगो साको हे जपानी चित्रपटकार उत्तर प्रदेशातील शृंगवेरपूर येथील उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले. वृत्तपत्रातील एका चुकीच्या वृत्तामुळे ‘परदेशी माणूस रामायणावर मन मानेल तसा चित्रपट करीत आहे’ असा समज झाला आणि विश्व हिंदू परिषदेचे निषेधपत्र दिल्लीतील जपानी दूतावासाकडे गेले. पुढे गैरसमज दूर झाला. पण त्या निमित्ताने साको रामकथेकडे अधिक ओढले गेले. त्यांनी भारतीय सचेतपटांचे अध्वर्यू राम मोहन यांना सोबत घेतले आणि १९९२ साली हाताने रेखाटलेला ‘रामायण’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट जपानमध्ये तयार झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्या स्वरूपात भारतीय चित्रपटगृहांत झळकला, तेव्हा रामभक्त कुटुंबे तो मुलाबाळांसह पाहावयास गेली.

निषेधामागील भावना शुद्ध होती, यात शंका नाही. परंतु निषेध करणाऱ्या समाजाला स्वतः तसा चित्रपट निर्माण करता आला नाही आणि ज्याचा निषेध झाला त्याने तो करून दाखवला, हेही नाकारता येत नाही. वारशाचे रक्षण पहाऱ्याने होते, तसेच ते निर्मितीनेही होते. पहारा सोपा असतो. निर्मितीला वर्षे द्यावी लागतात.

काळजी रास्त, उपाय वेगळा

पालकांची काळजी अनाठायी आहे, असे मुळीच नाही. परदेशी चित्रकथांतील काही स्त्रीपात्रांचे पोशाख स्त्रीला केवळ पाहण्याची वस्तू ठरवतात. मेळाव्यांतील गर्दीत विनापरवानगी छायाचित्रे काढणारे, अंगचटीला येणारे महाभागही असतात. न्यूयॉर्कच्या मेळाव्यात २०१४ साली आयोजकांना ‘वेश म्हणजे संमती नव्हे’ अशा आशयाचे फलक लावावे लागले. त्याखेरीज बाजार आहेच. पात्रावरचे प्रेम बाहुल्या, अंगरखे आणि पेले विकत घेण्यात कसे संपवावे, हे त्याला पक्के ठाऊक असते. घरातील थोरांनी याविषयी मुलीशी बोलावे, तिच्यासोबत मेळाव्याला जावे, कोणते पात्र का आवडते हे तिला विचारावे. घरात ज्या मुलीची रविवारभर टिंगल होते, ती मेळाव्यात एखादा त्रास झाला तरी घरी येऊन सांगणार नाही. थट्टेची खरी किंमत ही आहे.

राष्ट्र सेविका समितीने १९३६ पासून मातृत्वासाठी जिजामाता, कर्तृत्वासाठी अहिल्यादेवी आणि नेतृत्वासाठी लक्ष्मीबाई असे तीन आदर्श स्त्रीसमाजापुढे ठेवले आहेत. त्या आदर्शांपाशी चालत जाण्याची वाट आजच्या तरुणीला कोण दाखवणार? छत्रपती राजाराम महाराज १७०० साली निवर्तले, तेव्हा ताराराणी पंचविशीच्या होत्या. पदरी लहान मूल, समोर औरंगजेबाची प्रचंड फौज. पुढील सात वर्षे, बादशहा या मातीतच मरेपर्यंत, त्यांनी स्वराज्य झुंजते ठेवले. अमेरिकेच्या किंवा जपानच्या कोणत्याही चित्रकर्त्याला मोहात पाडील अशी ही कथा आहे. ती दहा वर्षांच्या मुलीसाठी नव्हे, तर ताराराणींच्याच वयाच्या तरुणीसाठी, तिच्या शंका-संकटांसह, अनेक खंडांत रेखाटली जावयास हवी.

ती रेखाटू शकणारे हात कदाचित त्याच बैठकीच्या खोलीत आहेत. जी मुलगी एका जपानी अंगरख्याची बाही नेमकी किती रुंद असावी यासाठी दहा चित्रे तपासते, ती सतराव्या शतकातील मराठी चिलखताची कडीन्‌कडी तपासायलाही कचरणार नाही. शोभायात्रेतील फेटा पुष्कळदा भाड्याचा असतो आणि तलवार पत्र्याची. ऐतिहासिक अचूकतेची फारशी फिकीर तेथे कोणी करीत नाही. ती फिकीर या मुलीला आहे. पुढच्या पाडव्याच्या तयारीची बैठक भरेल, तेव्हा गावोगावच्या समित्यांनी अशा मुलींना सन्मानाने बोलावून घ्यावे आणि ताराराणींचा वेश सिद्ध करण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. प्रकाशकांनी त्यांच्या चित्रवह्या मागवून पाहाव्यात. आणि वडिलांनी येत्या रविवारी वर्तमानपत्र बाजूला ठेवून, त्या धनुष्याचे दुसरे टोक धरायला खाली बसावे.