खांदा बदलणाऱ्या हाताला किती सराव?

नांदुरा–मलकापूर महामार्गावरच्या वडनेर भोलजीसारख्या गावात खांद्याला मार लागणं काही नवं नाही. कुणाची दुचाकी घसरते, कुणी बैलगाडीवरून पडतं, म्हातारी माणसं ओट्याची पायरी चुकून हातावर आपटतात. बहुतेकांचं झोळीवर भागतं, काहींना पट्टी-स्क्रू लागतात. पण उतारवयात दंडाच्या हाडाचा वरचा गोळा तुकडे-तुकडे झाला, किंवा खांद्याचे स्नायूबंध फाटून डोक्यावर पदर घ्यायलाही हात उचलेना, की डॉक्टर सांधा बदलायला सुचवतात. घरात मग दोन प्रश्नांवर चर्चा होते: खर्च किती आणि दवाखाना कुठला, अकोला, जळगाव की थेट मुंबई? तिसरा प्रश्न कुणी काढत नाही. हे डॉक्टर वर्षाला किती खांदे बदलतात?

तो विचारायलाच हवा. गुडघा बदलणं आता जिल्ह्याच्या गावीही सवयीचं झालंय. खांदा बदलणं त्या मानाने फारच विरळ. शेकडो गुडघे बसवलेल्या निष्णात हातांनाही खांद्याचा सराव असेलच असं नाही.

या शस्त्रक्रियेत वेळ कुठे जातो, हे टेबलाजवळ उभं राहिल्यावर कळतं. रुग्णाला आरामखुर्चीत रेलल्यासारखं अर्धवट बसवतात. खांद्याचा मोठा स्नायू आणि छातीचा स्नायू यांच्या मधल्या फटीतून, तिथली शीर जपत, आत वाट काढतात. हाडाचा खराब गोळा कापून काढणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी पुढे, गोळा जिच्यात फिरतो त्या खोबणीपाशी. ती उथळ, जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उंचीची आणि चहूबाजूंनी मांसाने झाकलेली. तिच्या खालूनच हात उचलणारी नस जाते. स्नायू बाजूला धरणारे आकडे नेमके बसले नाहीत तर खोबण नीट दिसत नाही, आणि दिसली नाही तर मधोमध मारायची तार तिरकी जाते. तार तिरकी गेली की तिच्यावर बसणारा कृत्रिम भागही तिरका बसतो आणि पुढे सैल होण्याचा धोका राहतो.

सराव असलेला सर्जन इथे हात भरभर चालवत नाही. त्याला एकच काम दोनदा करावं लागत नाही, म्हणून वेळ वाचतो. सीटी स्कॅन पाहून माप आधीच ठरलेलं असतं. आकडा पहिल्याच खेपेला जागेवर बसतो. पुढचं हत्यार मागायच्या आत सिस्टर हातात ठेवते. म्हणूनच अनुभव एकट्या डॉक्टरचा धरून चालत नाही; भूलतज्ज्ञ, सिस्टर, मदतनीस अशा सगळ्या चमूचा तो असतो.

वाचलेल्या मिनिटांची किंमत रुग्णाच्या शरीरात मोजली जाते. जखम जितकी जास्त वेळ उघडी, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काखेजवळच्या त्वचेत राहणारा क्युटिबॅक्टेरियम नावाचा जंतू खांद्यात शिरला तर कधी कधी महिनोन् महिने पत्ता लागू देत नाही. बसलेल्या स्थितीत रक्तदाब उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळावा लागतो, आणि सत्तरीतल्या माणसाला भुलीची लांबलेली वेळ सोसत नाही. मात्र घड्याळ हे एकच मोजमाप धरू नये. एकोणिसाव्या शतकात भूल नव्हती तेव्हा लंडनचा सर्जन रॉबर्ट लिस्टन काही क्षणांत पाय कापून मोकळा व्हायचा, कारण वेग हीच तेव्हा रुग्णावरची दया होती. भूल आल्यावर अमेरिकेतल्या सर्जन विल्यम हालस्टेडने सावकाश, जपून काम करायची शिस्त घालून दिली. आज या दोन्ही गोष्टी एकाच हातात लागतात.

सरावाने फरक पडतो याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या 1994 ते 2000 या काळातल्या खांदेबदलांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या सर्जनकडे जास्त खांदे येत, त्यांच्या रुग्णांना गुंतागुंत कमी झाली आणि रुग्णालयातला मुक्कामही कमी पडला. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास पुढे आणलेल्या ‘रिव्हर्स’ सांध्यात गोळा आणि खोबण यांच्या जागा उलट्या असतात. फाटलेल्या स्नायूबंधांच्या रुग्णांना तो वरदान ठरला. एका सर्जनच्या अशा 200 शस्त्रक्रिया तपासल्या, तेव्हा पहिल्या 40 नंतर गुंतागुंत स्पष्ट उतरलेली दिसली.

मग त्या पहिल्या चाळीस रुग्णांचं काय? हा प्रश्न टाळता येत नाही. प्रत्येक सर्जनचा पहिला रुग्ण कुणीतरी असतोच. पण तो रुग्ण त्या सर्जनच्या एकट्याच्या हवाली असू नये. आधी मृतदेहावर सराव, मग जाणत्या सर्जनच्या शेजारी उभं राहून, मग त्याच्या नजरेखाली स्वतः, असा क्रम बांधता येतो. त्यासाठी खांद्याचं काम दहा ठिकाणी विखुरण्यापेक्षा विदर्भात दोन-तीन केंद्रांत एकवटलेलं बरं. जर्मनीत वर्षाला किमान 50 गुडघे बदलले जातील अशाच रुग्णालयाला ते काम करता येतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीत 2012 पासून खांदेही मोजले जातात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय घेताना खाटा आणि यंत्रं पाहिली जातात. त्याच पाहणीत खांदेबदलाची वार्षिक संख्या मागायला आणि ती लोकांसमोर ठेवायला शासनाला कोणती अडचण आहे?

केंद्र लांब गेलं की गावकऱ्याला त्रास होणार, हा आक्षेप खरा आहे. पण ऑपरेशनसाठी एकदा नागपूर गाठणं निभावतं. त्यानंतरचे काही आठवडे झोळी आणि पुढचे कित्येक महिने व्यायाम, हे मात्र घराजवळच व्हायला हवं. दर आठवड्याला एवढा प्रवास कापूसवेचणीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. बुलढाण्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या अस्थिरोग विभागाने लगेच खांदे बदलायच्या मागे लागू नये. तालुक्याच्या रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट नेमून घ्यावेत आणि मोठ्या केंद्रातून आलेल्या प्रत्येक खांद्याची नोंद ठेवावी. त्यातून हात किती उचलला गेला, हे वर्षभराने सांगता येईल.