हवा अडते कुठे?

वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. पुढे एच.एम.टी. आली, पीन्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि यंत्रावर हात बसलेल्या माणसांचे ते गावच झाले. असा माणूस निवृत्त झाला की, तीस बाय चाळीसच्या घरातली गाडीची जागा वर्कशॉप होते. गाडी रस्त्यावर, कॉम्प्रेसर पोर्चमध्ये!

पण स्प्रेगन हाती घेतली की दोन मिनिटांत दाब उतरतो आणि कपाटाच्या दारावर रंगाचे ठिपके उमटतात. मग कुणीतरी सांगते, ‘पाइप बारीक आहे, एक इंची टाका.’

पैसे मोजण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण सात-आठ घनफूट हवा देतो. एवढी हवा अर्धा इंची जी.आय. पाइपातून पन्नास फूट नेली तरी सात किलो दाबातला किलोचा दहावा हिस्साही वाटेत खर्च होत नाही. हवा अडते ती पुढच्या रबरी नळीत. सहा मिलिमीटर भोकाची दहा मीटर नळी एकटीच जवळजवळ एक किलो दाब खाते. दहा मिलिमीटरची लावली तर ही घट सुमारे तेराव्या हिश्श्यावर येते. भोक निम्मे केले की घट बत्तीस पट होते, असे हे गणित आहे. तेव्हा आधी नळी आणि तिची कपलिंगे बदलावीत. पुढेमागे पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर घ्यायचा बेत असेल, तर मात्र आताच पाऊण इंची पाइप टाकलेला बरा.

नळी बदलूनही दाब टिकत नसेल, तर गनला लागणारी हवा कॉम्प्रेसर देऊ शकतो का, ते पाहावे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर असल्याने तिथली हवाच दहाएक टक्के विरळ. शिवाय सात किलो दाबाला एक मिलिमीटरचे गळके भोकही मिनिटाला दोन-अडीच घनफूट हवा घालवते. साबणाचे पाणी सांध्यांवर फासले की बुडबुडे चोर दाखवतात.

काटकसर करावी, पण एका जागी मुळीच नको. नळकामातला उरलेला पी.व्ही.सी. पाइप हवेसाठी वापरू नये. त्यावर छापलेला दाब पाण्याचा असतो. कोंडलेल्या हवेने तो फुटला की काचेसारख्या धारदार कपच्या उडतात, आणि पोर्चमध्ये मुले खेळत असतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८८ सालीच याबद्दल इशारा दिला होता. जी.आय. किंवा तांब्याचाच पाइप घ्यावा.

पाइपाला किंचित उतार द्यावा, फाटे वरच्या अंगाने काढावेत आणि शेवटी पाणी सोडायला कॉक ठेवावा. टाकीतले पाणी रोज काम संपल्यावर काढावे. पावसाळ्यात ते किती निघते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.