दोनदा की आठदा? आधी गोळी कोणती ते सांगा

दर दोन तासांनी थोडे थोडे खा, असे ऋजुता दिवेकर सांगतात. दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांत, असे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात. ‘डॉक्टर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ असे मला सारखे विचारले जाते. मी कोणाच्याच बाजूचा नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना व्हॉट्सॲपवरचा आहार परस्पर सुरू करण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे.

आधी भूक समजून घ्या. जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि मेंदूला खाण्याची आठवण करून देते. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधले. तुमची रोजची जेवणाची वेळ जवळ आली की ते वाढते, आणि नाही जेवलात तरी काही वेळाने उतरते. संकष्टीला दुपार टळली की ‘भूक मेली’ म्हणतो, ते हेच. वेळा बदलल्या की काही दिवसांत घ्रेलिनही नव्या वेळा शिकते. त्यामुळे दोनदा जेवणारा आणि आठदा खाणारा दोघेही ‘माझे शरीरच मागते’ म्हणतात, आणि दोघेही खरेच बोलतात!

पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची भूक वेगळी असू शकते. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाही. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. घाम, हातांची थरथर, छातीत धडधड आणि एकदम कडकडून भूक, म्हणजे साखर बहुधा ७० च्या खाली गेली आहे. अशा माणसाला ‘सहन करा, सवय होईल’ म्हणणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. तेव्हा कडक भाकरी चावत बसू नका, तिची साखर व्हायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दीक्षितांच्या योजनेत आधी स्वतःची खरी भूक ओळखायची असते. फॉरवर्डमध्ये फक्त ‘दोनदा’ उरते.

आहार बदलायचा आहे? जरूर बदला. पण येताना गोळ्यांची पाकिटे आणा. डोस कमी करावा लागेल का, ते आधी पाहू. यंत्रमागावर पाळ्या बदलत असतील तर तेही सांगा.