डुकराच्या पेशी मधुमेहींना तारतील. प्रश्न त्या तगवणाऱ्या औषधांचा

सेक्टर १०, भिलाई (छत्तीसगड) : जनुकीय बदल केलेल्या डुकराची मूत्रपिंडे अमेरिकेतील काही रुग्णांच्या शरीरात महिनोन्‌महिने काम करू लागल्यापासून, याच प्राण्याच्या स्वादुपिंडातील पेशी मधुमेहींना देण्याच्या जुन्या कल्पनेला नवे बळ मिळाले आहे. या चर्चेत डुकराकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे त्या पेशी तगवण्यासाठी रुग्णाला घ्याव्या लागणाऱ्या औषधांकडे जात नाही. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने मात्र खरा निर्णय या औषधांवरच ठरणार आहे.

स्वादुपिंडाच्या वस्तुमानात जेमतेम एक ते दोन टक्के असलेले पेशीपुंज इन्सुलिन तयार करतात. त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणतात. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच या बेटांतील बीटा पेशी नष्ट करते. मानवी अवयवदाते कायमच अपुरे असल्याने संशोधकांची नजर डुकराकडे वळली. डुकराचे आणि माणसाचे इन्सुलिन यांत केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे आणि जनुकीय तंत्राने मानवी इन्सुलिन बनू लागण्यापूर्वी अनेक दशके रुग्ण प्राण्यांचेच इन्सुलिन टोचून घेत होते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन तर आजही डुकराच्या आतड्यापासून मिळवले जाते. ‘डुकराचे चालेल का’ हा प्रश्न वैद्यकाने केव्हाच ओलांडला आहे, तो असा.

अडचण शरीराच्या प्रतिसादाची आहे. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत परक्या पेशी सोडल्या की रक्ताचा त्यांच्याशी थेट संपर्क येतो. गुठळ्या आणि दाह यांची साखळी सुरू होऊन पेशींचा मोठा हिस्सा पहिल्या काही तासांतच नष्ट होतो. जे वाचते त्याच्यावर प्रतिपिंडे आणि नंतर टी-पेशी चाल करून येतात. प्रत्येक टप्प्याला वेगळे औषध लागते. आरंभी गुठळ्या व दाह रोखणारे, मग टी-पेशींची संख्या घटवणारे, आणि त्यानंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारे.

स्वीडनमधील कार्ल ग्रोथ यांच्या गटाने डुकराच्या गर्भातील स्वादुपिंड-पेशी दहा मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चार रुग्णांच्या लघवीत डुकराच्या इन्सुलिन-निर्मितीची खूण २०० ते ४०० दिवस आढळली. इन्सुलिनची गरज मात्र कोणाचीही घटली नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी मधुमेही माकडांत डुकराच्या पेशी शंभराहून अधिक दिवस कार्यरत ठेवून दाखवल्या. त्या यशाचा मोठा वाटा टी-पेशींना मिळणारा ‘सीडी-१५४’ हा संकेत अडवणाऱ्या प्रतिपिंडाचा होता. नेमके याच प्रकारचे औषध माणसांत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्याने १९९९ मध्ये थांबवावे लागले होते. माकडांतील यश माणसापर्यंत का पोहोचले नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

गुठळ्यांचा दोष टाळण्यासाठी नव्याने घडवलेले ‘टेगोप्रुबार्ट’ आता डुकराचे मूत्रपिंड मिळालेल्या रुग्णांत वापरले गेले आहे. शिकागो विद्यापीठात मानवी पेशीपुंजांच्या प्रत्यारोपणातही टॅक्रोलिमसऐवजी त्याची चाचणी सुरू असून, पहिल्या काही रुग्णांतील निष्कर्ष आशादायक आहेत.

टॅक्रोलिमस टाळण्याच्या या धडपडीला कारण आहे. अवयव-प्रत्यारोपणात सर्वाधिक वापरले जाणारे हे औषध बीटा पेशींना आणि मूत्रपिंडांना अपायकारक आहे. ते घेणाऱ्या काहींना त्यामुळेच नव्याने मधुमेह जडतो. पेशी वाचवणारे औषध त्याच पेशींना हळूहळू मारते. कॅनडातील एडमंटन येथे २००० मध्ये स्टेरॉइड वगळून, सिरोलिमस आणि टॅक्रोलिमसची कमी मात्रा वापरून सात रुग्ण इन्सुलिनमुक्त झाले, तेव्हा ही कोंडी फुटल्यासारखे वाटले होते. (ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून सिरोलिमस वेगळे करणाऱ्या संशोधनाचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल भारतीय वंशाचे होते.) मात्र त्या केंद्रातील रुग्णांच्या पाहणीत पाच वर्षांनंतर दहापैकी जेमतेम एकच इन्सुलिनविना राहिला होता.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णापुढे डायलिसिस किंवा मृत्यू असतो. तो ही औषधे स्वीकारतो. टाइप-१ मधुमेहीपुढे इन्सुलिन असते, महाग आणि त्रासाचे खरे, पण काम करणारे. मूळ पेशींपासून तयार केलेल्या मानवी पेशीपुंजांच्या ‘झिमिस्लेसेल’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारापैकी दहा रुग्ण वर्षभरानंतर इन्सुलिनमुक्त होते. त्याच चाचणीत एकाचा मृत्यू क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराने झाला, आणि हा संसर्ग प्रामुख्याने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनाच गाठतो. पेशी माणसाच्या असोत वा डुकराच्या, हा धोका टळत नाही. परजातीय पेशींना औषधे अधिक कडक लागतात, एवढेच.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की ते डोके वर काढतात. क्षयावरील मुख्य औषध रिफाम्पिसिन हे टॅक्रोलिमस व सिरोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने खाली आणते. म्हणजे क्षय बरा करू जाता प्रत्यारोपित पेशी हातच्या जाण्याची भीती. भिलाईच्या सेक्टर १० मधील कुटुंबांना पोलाद प्रकल्पाचे सेक्टर ९ मधील रुग्णालय जवळ आहे. अशा सोयीच्या वसाहतीतही औषधाचे रक्तातील प्रमाण वारंवार तपासणे, मात्रा बदलणे, साध्या तापाचाही संशय घेणे, हे सारे जन्मभर सांभाळावे लागेल. दुर्ग जिल्ह्यातील खेड्यात राहणाऱ्या रुग्णाचे काय, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा भारतात या उपचाराचे पहिले हक्कदार कोण, याचे उत्तर बरेचसे ठरलेलेच आहे : साखर धोकादायक पातळीवर घसरूनही ज्यांना त्याची जाणीव होत नाही असे मोजके रुग्ण, आणि मूत्रपिंड-प्रत्यारोपणामुळे ही औषधे आधीच घेत असलेले मधुमेही.

औषधेच लागू नयेत, अशीही एक वाट आहे आणि तिचा काही भाग महाराष्ट्रात चालला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे, आनंदवर्धन हर्डीकर, मकरंद रिसबूड आदींनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कायटोसानसारख्या जैव-बहुलकांच्या आवरणात पेशीपुंज बंद करण्यावर काम केले. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. साखर व इन्सुलिन आवरणातून आरपार जावे, प्रतिकारपेशी मात्र बाहेर अडाव्यात, असा हा विचार. आवरणाभोवती तंतुमय ऊती वाढणे आणि आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडणे, या दोन अडचणी जगभर अजून पूर्ण सुटलेल्या नाहीत. स्वीडनच्या उप्साला येथे जनुकीय संपादन केलेले मानवी पेशीपुंज एका रुग्णाच्या कोपराखालील हाताच्या स्नायूत सोडले गेले. कोणतेही दमनकारी औषध न देता ते बारा आठवडे टिकल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रा अल्प असल्याने त्याचे इन्सुलिन सुटले नाही. तरीही आजवरच्या औषधांच्या यादीपेक्षा हे पाऊल भारतासाठी अधिक मोलाचे ठरू शकते.

भारतात परजातीय प्रत्यारोपणाचे नाव निघाले की आसामचे डॉ. धनीराम बरुआ आठवतात. १ जानेवारी १९९७ रोजी त्यांनी गुवाहाटीजवळील सोनापूर येथे ३२ वर्षांच्या रुग्णात डुकराचे हृदय बसवले. रुग्ण सात दिवस जगला आणि मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ खाली डॉक्टरांना अटक झाली. आज परिस्थिती थोडी निराळी आहे. नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियम, २०१९ मधील ‘नवीन औषध’ या व्याख्येत औषध म्हणून वापरावयाच्या परजातीय कलमांचा स्पष्ट उल्लेख आहे. डुकराच्या पेशी भारतीय रुग्णाला द्यायच्या झाल्यास अर्ज दिल्लीत औषध महानियंत्रकांकडेच करावा लागेल, आणि त्यात पेशींइतकाच तपशील त्यांच्यासोबतच्या औषधांचाही द्यावा लागेल.